सात नंबरच्या बसचे चार सेकंद

तपासणी विभागाचे प्रमुखसाहेब, तेल कमी होतं बसमध्ये आणि हातोडी तुम्ही मारवलीत माझ्या भाऊजींच्या गुडघ्यावर. हा माझा आरोप आहे आणि तो मी पेन्सिलीनं लिहिलेला नाही.

यंत्र आणि माणूस यांपैकी बिघाड कुणात आहे हे ठरवताना आधी माणूस तपासावा, कारण तो उघडायला पाने लागत नाहीत. या थोर तत्त्वावर तुमचा विभाग उभा आहे.

सात नंबरची बस ऑटोमॅटिक गिअरची. क्लच नाही. ड्रायव्हरनं 'डी'चं बटण दाबायचं, बसनं निघायचं. भाऊजी दाबतात. बस चार सेकंद विचार करते आणि मग मागून लाथ बसल्यासारखी उडी मारते. दर उडीला सरासरी दोन पूर्णांक तीन दशांश प्रवासी परक्याच्या मांडीवर जातात. (पूर्णांक लगेच उठतात. अपूर्णांक जरा रेंगाळतो.)

गिअर असा उशिरा पडायला लागला की आम्ही गॅरेजवाले पहिल्यांदा गिअरबॉक्सचं तेल बघतो. ते बघायचं गाडी तापवून, इंजिन चालू ठेवून. बंद केलं की वरचं तेल खाली उतरतं आणि तेल मोजायची पट्टी भरल्यासारखी दिसते. पण तुमचं कलम नऊ सांगतं: इंजिन चालू असलेले वाहन कामावर आहे असे समजावे, व कामावरील वाहनाची तपासणी करून त्याच्या कामात व्यत्यय आणू नये.

म्हणून तुम्ही अकरा वेळा इंजिन बंद करून पट्टी काढलीत. अकराही वेळा तेल भरपूर. (या सातत्याबद्दल विभागाला प्रशस्तिपत्रक मिळालं. ते भिंतीवरच्या ओलीवर टांगलंय, आता भिंतही कोरडी आहे.)

बस निर्दोष सुटल्यावर चार सेकंद बेवारस उरले. ते भाऊजींच्या नावावर लावले. डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली, तर पाय इतक्या चटकन उडाला की डॉक्टरांचा चष्मा खिडकीबाहेर गेला. अहवाल आला: 'गुडघा सुस्थितीत. सबब मंदपणा त्याच्या वर कुठेतरी असावा.'

मग तुम्ही स्वतः बस चालवलीत. चार सेकंद, उडी, आणि चौकीदाराची खुर्ची आडवी. (चौकीदार तीत नव्हता. तो कधीच नसतो.) अहवाल: 'साहेबांनी निघण्यापूर्वी चार सेकंद परिस्थितीचा आढावा घेतला.'

ताई म्हणते, "मंद? मी चहाचा 'च' काढायच्या आत हे कप पुढे करतात!"

भाऊजी एवढंच म्हणाले, "जाऊ दे रे. स्टोअरमध्ये बसून टायर मोजीन." बावीस वर्षं स्टिअरिंग धरलेला माणूस. हल्ली जेवतानाही त्यांचे हात ताटाच्या दोन्ही बाजूंना धरलेले असतात.

सोमवारी मी डेपोत शिरलो, इंजिन चालू ठेवून पट्टी काढली, पांढऱ्या रुमालाला पुसली. रुमाल पांढराच राहिला.

"इंजिन चालू होतं," तुम्ही म्हणालात. "हे धरता येणार नाही."

"साहेब, माणसाचं ब्लडप्रेशर काय त्याचं हृदय बंद करून मोजता?"

"तो वेगळा विभाग."

उद्या अकरा वाजता सुनावणी आहे. 'मंद' असा शेरा पडला की भाऊजी स्टिअरिंगवरून कायमचे उतरले. पुरावा एकच, बसमधली तक्रारवही. त्यात सेहेचाळीस तक्रारी. 'ड्रायव्हर झोपतो.' 'ड्रायव्हरला डोके नाही.' 'ड्रायव्हरने मला अनोळखी बाईंच्या मांडीवर पाठवले.' बसबद्दल एकही नाही.

साहेब, तुमच्याकडे निदान कलम नऊ तरी आहे. सात नंबरच्या प्रवाशांनो, तुम्ही तर रोज त्याच बसमध्ये, इंजिन चालू असताना, उभे असता. बटण दाबलेलं तुम्हाला दिसतं, बस न हललेली तुम्हाला कळते.

त्या सेहेचाळीसांत तुमची सही कितवी?