बसऱ्याचा खंडोबा

जुनं लष्करी पदक हातात घेताना माणसाने आधी पांढरे हातमोजे चढवावेत आणि मग मौन धरावं, असं डॉ. एकनाथ जाधव यांचं ठाम मत होतं. मोजे आणि मौन, दोन्ही भांडी घासतानाही चालतील, असं त्यांच्या पत्नीचं, म्हणजे प्रतिमाबाईंचं, त्याहून ठाम मत होतं.

डॉक्टर भूलतज्ज्ञ. जन्मभर त्यांनी शिकागोच्या लोकांना झोपवलं आणि निवृत्त झाल्यावर नेपरव्हिलच्या घरात, बेसमेंटमध्ये बसून, स्वतः जागेपणी स्वप्नं बघायला लागले. बाहेर बर्फ भुरभुरत असे. आत दिव्याखाली पदकं, बिल्ले, टोप्यांवरची चिन्हं मांडलेली असत. त्यात ऑनलाइन लिलावात मिळालेलं, पहिल्या महायुद्धातलं एक काळवंडलेलं चांदीचं पदक होतं. त्याच्या कडेवर भिंगातून नाव दिसे: शिपाई गणू जाधव, मराठा पलटण.

जाधवांच्या घरातला कुणी एक पूर्वज इराकात बसऱ्याला लढायला गेला तो परतलाच नाही, असं डॉक्टरांनी लहानपणी ऐकलं होतं. तोच हा गणू! पुरावा? आडनाव. महाराष्ट्रात जाधव किती, या प्रश्नाला त्यांनी केव्हाच भूल दिली होती. डोळे मिटले की त्यांना टायग्रिस नदी दिसे, खजुराची झाडं दिसत, आणि नदीत पाय सोडून बसलेला गणू सावकाश मान वळवून म्हणे, "आलास का रे, एकनाथ?"

रविवारी लायब्ररीच्या तळमजल्यावर पदकं जमवणाऱ्यांच्या क्लबची मीटिंग होती. आजवर डॉक्टर तिथे मागच्या खुर्चीत बसून डोनट खात आले होते. बाकीचे आपापल्या आजोबांची पदकं दाखवत आणि डॉक्टर टाळ्या वाजवत. या खेपेला अध्यक्ष वॉल्टरने त्यांना दहा मिनिटं दिली होती. गणू जाधव अमेरिकेत गाजणार होता!

"प्लास्टिकमध्ये ठेवू नकोस, ओल धरतं," हेही वॉल्टरनेच सांगितलं होतं. "सुती कापड आणि मोकळी हवा." डॉक्टरांनी घर धुंडाळलं. कपाटात खणाचे सुरेख बटवे सापडले. त्यांनी एकेक वस्तू एकेका बटव्यात घातली, नाड्या ओढल्या आणि हवा खेळावी म्हणून सगळे बटवे वेताच्या टोपलीत ठेवून दिले.

ते बटवे प्रतिमाबाईंनी संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी पुण्याहून मागवले होते. वाणाची निरांजनं त्यांत घालायला त्या खाली आल्या, तर निम्मे बटवे तयार! हळदीकुंकवाच्या दिवशी ज्या माणसाने आजवर फक्त ड्राइव्हवेतली गाडी हलवली, त्याने आपण होऊन वाण भरलं! प्रतिमाबाईंनी उरलेल्या बटव्यांत निरांजनं घातली. बोललं तर लाजतील, म्हणून त्या बोलल्याच नाहीत.

शनिवारी संध्याकाळी शेवटची पाहुणी गेली आणि डॉक्टर बेसमेंटमध्ये उतरले. टोपली रिकामी!

"प्रतिमा, बटवे कुठायत?"

"दिले की! बायका इतक्या खूश! काय घातलं होतंत हो त्यात?"

"माझी पदकं! परत माग!"

"वाण परत मागू? गावातल्या सवाष्णींच्या दारात जाऊन? त्यापेक्षा तुम्हीच जा ना बसऱ्याला!"

डॉक्टरांनी स्वतःच फोन उचलला.

सुवर्णा म्हणाली, "काका, ब्रोच काय गोड आहे! उद्याच्या पार्टीला साडीवर लावतेय." तो गुरखा पलटणीचा बिल्ला होता. पद्मजा म्हणाली, "काका, माझं वाण फ्रिजला चिकटतच नाहीये. मॅग्नेट पडलंय का त्याचं?"

"आणि काळं, गोल, चांदीचं?" डॉक्टरांनी विनीताला विचारलं.

"सरलामावशींना बर्फात येता आलं नाही ना, त्यांचं वाण मी पोचवलं. माझ्या नि त्यांच्या बटव्यांतला जड तो त्यांना दिला. मोठ्या आहेत."

रविवारी सकाळी डॉक्टर मावशींच्या दारात उभे राहिले.

"या डॉक्टर! दर्शनाला आलात ना?"

स्वयंपाकघरातल्या देवघरात गणू जाधव लखलखत होता! शंभर वर्षांची काळी झिलई गेली होती. वर झेंडूचं फूल आणि चिमूटभर हळद.

"काळाकुट्ट झाला होता हो देव! चिंच लावून रांगोळीने घासला."

डॉक्टरांना उभ्या उभ्या भूल चढली. "मावशी... हे पदक आहे."

"घोड्यावर कोण बसलंय?"

"सेंट जॉर्ज."

"काहीतरीच! अंगावर चिंधी नाही, मान्य. पण घोडा आहे, तलवार आहे, पायाखाली कवटी आहे. खंडोबाच तो! उलटून बघा, मागे दैत्याचं मुंडकं आहे. दाढीसकट!"

"ते पंचम जॉर्ज. इंग्लंडचे राजे."

"तेच म्हणतेय मी."

डॉक्टरांनी हात पुढे केला. मावशींनी तो अडवला नाही, फक्त हळू आवाजात म्हणाल्या, "आमचे देवांचे टाक दिरांकडे राहिले. इथे आल्यापासून दर रविवारी रिकाम्या ताम्हनात हळद वाहतेय मी. काल देव बर्फातून आपला आपण आला. आता नेणार?"

डॉक्टरांचा हात हवेतच राहिला. मग खिशात गेला.

"दुपारपुरताच, मावशी. लायब्ररीत. संध्याकाळी तुमचा तुम्हाला."

"देव एकटा नाही जायचा. मी येते."

म्हणून त्या दुपारी पहिल्या रांगेत पैठणीवर जाकीट घातलेल्या सरलामावशी मांडीवर ताम्हन घेऊन बसल्या आणि डॉक्टर बोलले. नदीबद्दल बोलले, खजुरांबद्दल, न परतलेल्या माणसाबद्दल. डोळे मिटले तर गणू तिथेच होता, पाण्यात पाय सोडून, पण कपाळापासून पावलांपर्यंत हळदीने पिवळाजर्द! तो हसत होता. दहा मिनिटं कुणी डोनटला हात लावला नाही.

वॉल्टर भिंग घेऊन पुढे आला. मावशींनी आधी त्याच्या तळहातावर चिमूटभर हळद ठेवली. त्याने निमूटपणे ती दुसऱ्या हातात घेतली, पदकाची कड फिरवून फिरवून पाहिली आणि दोन वाक्यं बोलला.

"काय म्हणतोय तो?" मावशींनी विचारलं.

"म्हणतो, अस्सल आहे."

"ते मला कालच कळलं," असं म्हणत मावशींनी ताम्हन उचललं आणि डॉक्टर गाडी गरम करायला निघाले.

वॉल्टरचं दुसरं वाक्य त्यांनी भाषांतर न करता तसंच सोडून दिलं. त्या युद्धानंतर अशी पासष्ट लाख पदकं वाटली गेली होती.