ललित कला विभागाच्या सहा हवेशीर खोल्या

विद्यापीठ वाढू लागलं की ललित कला विभागाला जागा सर्वांत शेवटी मिळते, आणि जागा कमी पडू लागली की सर्वांत आधी त्याचीच काढून घेतली जाते. यात अन्याय काही नाही. इतर विषयांना बसायला खोली लागते. चित्रकाराला कल्पनाशक्ती असते.

गुलबर्ग्याकडच्या एका विद्यापीठातला हा विभाग तुरीच्या जुन्या गोदामात सुरू झाला, ग्रंथालयाच्या व्हरांड्यात वाढला आणि प्रगती करत करत पुन्हा गोदामात आला. (या काळातल्या सर्व निसर्गचित्रांत आभाळ पिवळं आहे. जाणकार त्याला शैली म्हणतात. ती डाळीची धूळ आहे.)

विभागप्रमुख नेत्रावती मूळच्या औरादच्या. तपासणी समिती येणार, सहा वर्गखोल्या दिसल्या नाहीत तर विभाग बंद, असं कळल्यावर त्या कुलसचिव अनिलकुमारांकडे धावल्या.

“सर, सोमवारी समिती यायलीय. खोल्या कुठून आणू?”

“खोल्या न्हाईत म्याडम. डिस्टेंपर हाय. पायजे तेवढा न्या.”

नेत्रावतींनी डिस्टेंपर नेला. गोदामाच्या मागच्या भिंतीवर त्यांनी विद्यार्थ्यांसह एक लांबलचक व्हरांडा काढला: सहा दारं, झडपा, फरशीवर तिरकं ऊन, आणि तिसऱ्या अर्धवट उघड्या दारातून चित्रं काढत बसलेल्या मुलांच्या वाकलेल्या पाठी. कैक वर्षं बैठकांत गेलेला त्यांचा हात असा काही सुटला, की भाकरीसुद्धा त्यांनी परांचीवरच उभ्यानं खाल्ली आणि बाकांच्या पायांच्या सावल्याही सोडल्या नाहीत.

समितीचे अध्यक्ष डॉ. चन्नबसप्पा हे मृदाशास्त्रातलं मोठं नाव. तूप-होळगीचं, म्हणजे पुरणपोळीचं, जेवण झाल्यावर ते सरळ व्हरांड्याकडे निघाले. तेवढ्यात हळ्ळीखेडचा श्रीशैल, शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी, आडवा आला.

“सर, वर्ग चालू हाय. आत गेलं की पोरांचं ध्यान मोडतंय.”

अध्यक्ष जागीच थांबले. बराच वेळ पाहून हळूच म्हणाले, “शिस्त बघा. आपण आलो तरी एकानं मान वळवली न्हाई.”

समिती चवड्यांवर परत गेली. विभागाला सर्वोच्च श्रेणी मिळाली.

पुढचं ओघानंच आलं. दोन खोल्या रिकाम्या दिसतात म्हणून वाणिज्य विभागाला दिल्या गेल्या. तिथले प्राध्यापक शिवशंकर वेळापत्रक घेऊन आले, त्यांनी भिंतीला एकदा हात लावून पाहिला आणि विचार केला. तक्रार करावी तर आदेश चुकला म्हणावं लागतं, आणि त्यांची बढती अडलेली होती. तेव्हापासून ते भिंतीकडे तोंड करून शिकवतात. (हजेरी सुधारली आहे. तिसऱ्या दारातली रंगवलेली मुलंही ते मोजतात, आणि ती गैरहजर राहत नाहीत.)

हे मात्र नेत्रावतींना बघवेना. त्या पुन्हा कुलसचिवांकडे गेल्या.

“सर, खऱ्या खोल्या बांधा. त्या सहा आम्ही भिंतीवर काढल्याल्या हायत.”

“कामून बांधू? सहा हायत की. आता मुलींच्या वसतिगृहाचं बघा. टाकीमागची भिंत मोकळीच हाय.”

नेत्रावतींना संताप आला. त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या. तिथं त्यांची बोटं आपोआप हवेत एक जिना काढू लागली.

“किती मजली?” त्यांनी वळून विचारलं.

आता उदगीर-लातूरहूनसुद्धा पालक येतात, फाटकातूनच वसतिगृहाची नवी इमारत पाहतात, समाधानानं फी भरून परततात. तुम्ही हसताय, ते ठीक. पण मागच्या वर्षी तुम्ही पोराला ज्या कॉलेजात घातलंत, त्याच्या माहितीपत्रकावरची ती बाग तुम्हाला आवडली होती ना? तिच्यात पाय ठेवून पाहिलंत?