कचरूमामांचं नाक

कचरूमामांच्या गॅरेजात गाडी न्यायची तर केसांत गजरा चालत नसे. अत्तर, सेंट, तोंडातली बडीशेपसुद्धा चालत नसे. गाडीच्या आरशाला लटकवलेली सुगंधी डबी मामा आधी काढून बाहेर भिरकावत. एकदा फुलांनी सजवलेली नवरदेवाची गाडी त्यांनी दारातूनच परत पाठवली. "मोगऱ्यात मला गाडी गावत न्हाई," म्हणाले. नवरदेव रिक्षातून मांडवात गेला.

मामा भिंगारातले जुने मिस्त्री. वासावरून बिघाड ओळखणारे. बॉनेट उघडायचं, डोळे मिटायचे आणि मालक काही सांगू लागला की हात वर करायचा. "तुमी गप. वास बोलतोय." केस जळाल्यासारखा वास आला की ब्रेक, कागद जळाल्यासारखा आला की क्लच. आणि क्लच निघाला की चालवणाऱ्याची खरडपट्टी. मी तिसगावच्या शाळेत शिकवते, रोज करंजी घाट ओलांडते. "मॅडम, क्लचवरचा पाय काढा. ते काय पायपुसनं हाय?" हे मी चारचौघांत ऐकून घेतलंय, आणि वर्गातल्या पोरासारखी मान खाली घातली आहे.

निकाल मात्र चहा आल्याशिवाय लागत नसे. गॅरेजाच्या मागेच घर. यमुनामामी तिथून कप घेऊन येत, सावकाश गाडीभोवती एक फेरी मारत आणि कप कुठेतरी टेकवून निघून जात. कधी बॉनेटवर, कधी मागच्या चाकाशेजारच्या स्टुलावर. मामा तिथे जाऊन दोन घोट घेत, मग बिघाड सांगत. चहानं नाक उघडतं म्हणे. मला ते म्हाताऱ्याचे चोचले वाटायचे.

मागच्या दिवाळीनंतर मामी गेल्या. पोरबाळ नव्हतंच. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मामांनी गॅरेज उघडलं, तेव्हा माणूस खंबीर आहे असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

पुढच्याच महिन्यात माझ्या गाडीत काहीतरी जळाल्याचा वास येऊ लागला. घाट उतरताना तर इतका, की मागच्या टेम्पोवाल्यानं पुढे येऊन हातवारे केले. मी गाडी मामांकडे नेली. त्यांनी स्वतःच पाणचट चहा करून आणला, कप हातात धरून गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "पट्टा." इंजिनाचा पट्टा बदलला. दोन दिवसांनी वास परत. या वेळी मामा म्हणाले, "क्लच." गाडी दोन दिवस खोलून पडली आणि मी वह्यांचा गठ्ठा मांडीवर घेऊन एसटीनं फिरले.

तिसऱ्या दिवशी घाटात मागच्या चाकातून धूर निघाला. मी कशीबशी गाडी कडेला घेतली. तासाभरानं चाक निवलं, तशी गोगलगाईच्या चालीनं भिंगार गाठलं आणि गॅरेजात पाऊल टाकताच तोंड सोडलं. "मामा, दरीत गेले असते मी! तुमचं ते नाक कुठे गहाण टाकलंय?"

मामा जुन्या टायरवर बसले.

"नाक न्हाईच, मॅडम," म्हणाले. "कोरोनात गेलं ते माघारी आलंच न्हाई."

"मग इतकी वर्षं?"

"ती सांगायची. कप जितं ठिवंल तितं बिघाड. कुनाला कळू दिलं न्हाई तिनं." हातातला पाना ते उगाच पुसत राहिले. "ती गेली तवाच बंद करायला पायजे हुतं. पर मग दिसभर बोलू कुनासंगट?"

मला माझीच लाज वाटली. मी म्हणाले, "उठा. मी हुंगते, तुम्ही खोला."

मग मी, चांगली बीएड झालेली बाई, साडी खोचून चारही चाकांपाशी उकिडवी बसले. मागच्या डाव्या चाकापाशी केस जळाल्यासारखा वास आला. मामांनी ते चाक उतरवलं. हँडब्रेकची केबल गंजून अडकली होती आणि ब्रेक सुटतच नव्हता, गाडी चालताना नुसता घासत होता. त्यांनी केबल बदलली, ब्रेक नवे बसवले. मग चाक हातानं फिरवलं. ते अलगद फिरत राहिलं.

मी निघाले तर मामा म्हणाले, "अजून एक काम हुतं. न्हाई म्हनू नका."

ते घरात गेले आणि गाठ मारलेली प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आले. आत मामींचा तपकिरी स्वेटर होता.

"धुतला न्हाई. तिचा वास हाय त्याला. रोज काढून बघतो, पर मला कुटं काय कळतंय? तुमी सांगा. हाय का अजून?"

मी स्वेटर नाकाला लावला. त्याला ग्रीसचा वास येत होता, पेट्रोलचा येत होता. रोज काढून, कुरवाळून, परत ठेवून मामांच्याच हातांचा वास लोकरीत मुरला होता. मामींचं त्यात काहीही उरलं नव्हतं.

"आहे," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की. मामींचाच आहे."

मामांनी मनगटानं डोळे पुसले. मग चाक खोललेल्या त्याच काळ्या हातांनी स्वेटर मांडीवर पसरला, बाह्या नीट आत दुमडल्या आणि घडी घालू लागले. आधी हात धुऊन या, एवढंच म्हणायचं होतं मला. माझ्याच्यानं म्हणवलं नाही.