पंधरा मिनिटं शॉवरखाली

रत्नमाला मॅडमनी ॲसिडच्या बाटलीचं बूच काढलं, बाटली ओट्याच्या कडेला ठेवली आणि सायलीच्या ब्युरेटमध्ये अडकलेला हवेचा बुडबुडा दाखवायला त्या वाकल्या. तेवढ्यात त्यांच्याच कोपराचा धक्का लागून बाटली आडवी झाली. सल्फ्युरिक ॲसिड. निम्मं पाणी मिसळलेलं होतं, तरी कापड खाऊन टाकेल इतकं जहाल.

"सगळे मागे व्हा," मॅडम शांतपणे म्हणाल्या आणि त्यांनी बाटली झटकन उभी केली. बाटली जवळपास रिकामी झाली होती. ओट्यावर मात्र वाटीभरच ॲसिड दिसत होतं. उरलेलं गेलं कुठं, म्हणून त्यांनी समोर पाहिलं. सायलीचा ॲप्रन कमरेपासून गुडघ्यापर्यंत ओलाचिंब होता.

सायली बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होती आणि बिडकीनहून रोज एसटीनं यायची. ती घाबरली नाही, कारण ॲप्रन कशानं भिजलाय हे तिला माहीत होतं. तिची वॉश बॉटल सकाळपासून गळत होती.

"मॅडम, हे साधं पाणीय," ती म्हणाली.

"धक्का बसलेला माणूस असंच म्हणतो. शॉवरखाली चल."

"लिटमस लावून बघू का आधी?"

"अंगावर ॲसिड असताना लिटमस शोधत बसायचं नसतं."

मॅडमनी दिवाळीच्या सुट्टीत सुरक्षिततेचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं होतं. त्यानंतरच लॅबच्या कोपऱ्यात हा हिरवा शॉवर बसला होता. त्याची साखळी ओढायची वेळ अजून आली नव्हती. ती येऊ नये म्हणून लॅबमधले परिचर कडुबा यांनी साखळी सुतळीनं वर पाइपला बांधून ठेवली होती.

"म्याडम, टाकी कालच भरलीय," कडुबा आडवे आले. "आता नळ आठ दिसानं यील. बादलीनं भागत नाय का?"

"कडुबा, सुतळी सोडा."

कडुबांनी सुतळी सोडली. मॅडमनी सायलीचा ॲप्रन ओढून काढला, तिला शॉवरखाली उभं केलं आणि साखळी ओढली. डिसेंबरची सकाळ होती आणि गच्चीवरच्या टाकीतलं पाणी रात्रभर गारठलेलं. सायली एका उडीत बाहेर आली. मॅडमनी तिला आत ढकललं. ती पुन्हा बाहेर आली. मग मॅडमनी तिचे दोन्ही हात धरले आणि साडीसकट त्याही पाण्याखाली शिरल्या.

"पंधरा मिनिटं," त्या म्हणाल्या. "कडुबा, घड्याळ बघा."

"एक झालं," कडुबा कष्टी आवाजात म्हणाले.

इकडे सायलीच्या मैत्रिणीनं, प्रेरणानं, सायलीच्या वडिलांना फोन लावला. आप्पा त्या दिवशी टेम्पोत आल्याची पोती घेऊन जाधववाडीच्या मार्केटात आले होते.

"काका, सायलीच्या अंगावर ॲसिड सांडलंय असं मॅडम म्हणतायत, पण ती म्हणतेय..."

पुढचं आप्पांनी ऐकलं नाही. फोन तसाच खिशात टाकून त्यांनी टेम्पो सुरू केला.

शॉवरखाली पाचव्या मिनिटाला सायलीचे दात वाजू लागले. आठव्या मिनिटाला तिनं पुन्हा एकदा सांगून पाहिलं, "मॅडम, खरंच काही झालं नाही मला. जरासुद्धा आग होत नाही."

"पाणी चालू आहे म्हणून होत नाही. मलाही आधी मांडीला चुरचुरत होतं, गारठ्यानं. आता थांबलं."

"बारा झाली," कडुबा म्हणाले. त्यांचं लक्ष घड्याळापेक्षा जमिनीवरून दाराकडे निघालेल्या पाण्याकडे होतं.

पंधरा झाली. मॅडमनी साखळीचा दांडा वर सारला. पाणी थांबलं नाही. कडुबांनी सारला, प्रेरणानं स्टुलावर चढून ढकलून पाहिलं, दांडा जागचा हलला नाही. शेवटी कडुबा मुख्य व्हॉल्व्ह बंद करायला गच्चीकडे पळाले. ते पोहोचेपर्यंत पाणी व्हरांड्यातून जिन्याला लागलं होतं आणि त्याच जिन्यानं आप्पा हातात चपला घेऊन वर येत होते.

दारात येऊन ते थबकले. समोर लेक उभी होती. केस गालाला चिकटलेले, ओठ निळे, पण बाकी जशी सकाळी घरून निघाली होती तशीच. आप्पांनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, हात उलटेपालटे करून पाहिले आणि मग त्यांचे डोळे भरून आले.

"कुठं भाजलं ग?"

"कुठंच नाही, आप्पा."

आप्पा मॅडमकडे वळले आणि त्यांनी हात जोडले. "म्याडम, तुम्ही होत्या म्हणून लेक वाचली. लई उपकार झाले."

"अहो, उपकार कसले? कर्तव्य आहे आमचं," मॅडम म्हणाल्या आणि साडी पिळायला त्यांनी निऱ्या मुठीत धरल्या. निऱ्यांचा एक तुकडा ओल्या कागदासारखा मुठीत आला.

मॅडमनी दुसरीकडे हात लावला. तिथंही बोटं आरपार गेली. मांडीपासून गुडघ्यापर्यंत सुती साडीची चाळण झाली होती.

"मॅडम," सायली हळूच म्हणाली, "ॲसिड तुमच्यावर सांडलं होतं."

मॅडम मटकन स्टुलावर बसल्या. प्रेरणानं आपला ॲप्रन त्यांच्या कमरेला गुंडाळला. गच्चीवरून धापा टाकत परतलेले कडुबा दारातच थांबले. आप्पा लेकीकडे बघत होते, मग मॅडमकडे, मग पुन्हा लेकीकडे.

"मंग आता दवाखान्यात कोनाला न्यायचं?" त्यांनी विचारलं.

टेम्पोत पुढं मॅडम बसल्या, मध्ये सायली, तिच्या अंगावर आल्याच्या वासाचं पोतं. दवाखान्यात डॉक्टरबाईंनी मॅडमना आत नेऊन तपासलं. कातडी थोडी लाल झाली होती, एवढंच. साधं मलम पुरेसं होतं.

"नशीब चांगलं तुमचं," बाहेर येत डॉक्टरबाई म्हणाल्या. "किती वेळ धुतलं?"

"पंधरा मिनिटं."

"या थंडीत? बहुतेक लोक दोन मिनिटांत पळतात. कुणी धरून ठेवलं होतं का?"

मॅडमनी सायलीकडे पाहिलं. दोघींचे हात मनगटापाशी अजून लाल होते.

"हिनं," मॅडम म्हणाल्या. "ही नसती तर मी पाण्याखाली गेलेच नसते."

सायली काही बोलणार तोच तिला शिंक आली, मग लागोपाठ आणखी चार. डॉक्टरबाईंनी गोळ्या लिहून दिल्या, त्या तिच्यासाठी.

आप्पा बाहेर जाऊन घरी फोन लावत होते. फोनवर लक्ष्मीबाई, सायलीची आई, रडत असाव्यात, कारण आप्पांना प्रत्येक वाक्य दोनदा सांगावं लागत होतं.

"अगं, पोरीला काय बी झालं नाय. व्हय, माझ्या म्होरंच हाय ती. म्याडमला आनलं होतं दवाखान्यात. सायलीनं वाचवलं म्हनं त्यास्नी." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"कसं म्हंजे?" आप्पा म्हणाले. "भिजून."