बासष्ट किलोंचा क्रॉस

माप म्हणजे माप! माझ्यासमोर कुणी "अंदाजे" म्हणालं की माझं डोकं सणकतं. का नाही सणकणार? आमच्या आत्लिस्को गावाच्या वेशीवरच्या काँक्रीट प्लँटवर एकवीस वर्षं यंत्र चालवलंय मी. कळ दाबली की खडी, वाळू, सिमेंट, पाणी, प्रत्येकाचं आधी काट्यावर वजन व्हायचं, मगच ते मिक्सरमध्ये पडायचं. पाणी तर मी असं मोजून द्यायचो की वैद्यानं काढासुद्धा तसा दिला नसता! एवढ्या वर्षांत माझ्या हातून एकच चूक झाली. आणि त्या चुकीखाली मी चाळीस वर्षं झोपतोय.

तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि मला एर्लिंडाशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. एर्लिंडा राजी होती. तिचे वडील, क्रिसोफोरो मिस्त्री, मात्र अडून बसले होते. गावातली निम्मी घरं त्यांनी बांधलेली, तीही घमेल्यानं मोजून. एक घमेलं सिमेंट, दोन वाळू, तीन खडी आणि पाणी हाताला पटेल तेवढं.

"कळा दाबणाऱ्याला पोरगी देऊ?" ते चारचौघांत म्हणायचे. "ज्याच्या नखात सिमेंट नाही, त्याच्या हातात माझी पोर?"

त्याच सुमारास त्यांच्या घरावर स्लॅब टाकायची निघाली. मी गळ घातली, हट्ट धरला, त्यांच्या दारात उभा राहून राहून पायांना मुंग्या आणल्या. शेवटी ते वैतागले.

"बरं! स्लॅब तुझ्या यंत्राची. चांगली झाली तर पोरीचं बोलू. बिघडली तर या गल्लीत पाय ठेवायचा नाही!"

दिवस ठरला चार मे.

आता तीन मे म्हणजे क्रॉसचा सण, आम्हा बांधकामवाल्यांची दिवाळीच म्हणा ना. त्या दिवशी थापीला कुणी हात लावत नाही. फुलांनी मढवलेला लाकडी क्रॉस कामावर उंच जागी चढवायचा, पाद्रीबाबांनी पाणी शिंपडायचं आणि मग टर्कीचा मोले, म्हणजे मिरच्यांचा दाट रस्सा, नि ताडीसारखी आंबट पुल्के, पोट फुटेस्तोवर. त्या साली आमच्या प्लँटच्या क्रॉसचा मान मिस्त्रींना मिळाला होता. त्यांनी तो मेस्किट झाडाच्या जड लाकडातून स्वतः घडवून आणला. उचलायला चार माणसं लागली!

प्लँटवर सगळ्यात उंच काय? पाण्याची टाकी. टाकी होती काट्यावर, मिक्सरच्या दर घाण्याचं पाणी आधी तिच्यात तोललं जायचं, आणि क्रॉस बांधला त्याच टाकीला. टाकी रिकामी, तरी केबिनमधला काटा टुणकन बासष्ट किलोंवर! मी हसलो, चावी फिरवली आणि काटा परत शून्यावर आणला. पुल्केचे चार पेले पोटात होते, त्यामुळे तेवढ्यावर गप्प कसला बसतोय!

"मिस्त्री, इकडे बघा!" मी केबिनमधून ओरडलो. "तुमचा अख्खा बासष्ट किलोंचा क्रॉस माझं यंत्र विसरलं! ह्याला म्हणतात माप!"

"देवाला विसरणारं यंत्र," मिस्त्री मिशीला लागलेला मोले पुसत म्हणाले. "झकास!"

सगळे हसले. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवा कोरा सदरा घालून केबिनमध्ये हजर! एकेक घनमीटरचे पाच घाणे एका गाडीत, अशा दोन गाड्या जायच्या होत्या. त्या जुन्या काट्याला शून्यापाशी एक खिळा होता, त्याच्या खाली काटा जाऊच शकत नसे. मी पाहिलं, काटा शून्यावर. उत्तम! कळ दाबली आणि खिशातला आरसा काढून भांग पाडायला लागलो. पाणी पडायला लागूनही काटा बराच वेळ हलत नव्हता, पण माझा भांग कुठे सरळ येत होता!

गाडी भरल्यावर निकानोर ड्रायव्हरनं मागे जाऊन आत डोकावलं.

"अबुंदिओ, लय पातळ वाटतंय रे."

"तुला ड्रायव्हिंगमधलं कळतं ना? मग तेवढंच बघ!"

तो बिचारा गेला. मी दुसरी गाडी भरली आणि तिच्यातच बसून ऐटीत निघालो.

गल्लीच्या तोंडाशीच ओरडा ऐकू आला. बघतो तर काय! मिस्त्रींच्या घराच्या मागच्या अंगाला सेंट्रिंगच्या फटीफटींतून करडं पाणी गळत होतं. स्लॅबवर काँक्रीट कुठलं, मक्याची पेज होती ती! घमेली वाहणारे शेजारी डोक्यापासून गुडघ्यांपर्यंत करडे झाले होते. खाली अंगणात बायकांनी भात चढवला होता, त्या पातेल्यात वरून धार लागलेली. एर्लिंडाची आत्या डाव घेऊन उभी आणि तोंडानं नुसतं "अगं बाई! अगं बाई!"

"या, जावईबापू!" मिस्त्री छतावरून गरजले. "माप घेऊन या! हे काँक्रीट बघा, थापीनं ओढावं की पेल्यानं प्यावं?"

मी वर बघितलं. मिस्त्रींच्या मागे, छताच्या कोपऱ्यावर, फुलांनी मढवलेला क्रॉस उभा होता. आपला क्रॉस! टाकीवरचा! स्वतःच्या घराची स्लॅब क्रॉसशिवाय कशी टाकायची, म्हणून मिस्त्रींनी सकाळी माझ्याआधी तीन माणसं नेऊन तो उतरवला होता. क्रॉसचा मान त्यांचा, वॉचमन तरी काय बोलणार?

डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी काटा शून्यावर आणला तो क्रॉससकट. आता क्रॉस नाही. म्हणजे पहिले बासष्ट लिटर काट्यानं मोजलेच नव्हते! दर घाण्याला बासष्ट, पाच घाण्यांना तीनशे दहा लिटर पाणी फुकट जास्त!

सगळी गल्ली माझ्याकडे बघत होती. यंत्र निर्दोष होतं! नुसतं बोट वर करून क्रॉस दाखवायचा अवकाश, गावभर मिस्त्रींचंच हसं झालं असतं. बोट तर नुसतं शिवशिवत होतं. तेवढ्यात दारात एर्लिंडा दिसली. करड्या झालेल्या शालीचा बोळा करून तिनं तोंडाशी धरला होता. ती वडिलांकडे बघत होती, माझ्याकडे नाही. आणि मला कळलं की आज म्हातारा हरला तर मी जिंकून काही उपयोग नाही.

"बोल की!" मिस्त्री म्हणाले. "चूक यंत्राची का तुझी?"

"माझी," मी म्हणालो. "काटा तपासला नाही."

आयुष्यात एवढं कडू काही गिळलं नाही मी. दुसरी गाडी परत नेली, काटा नीट लावला, नवं काँक्रीट आणलं. पुढचं अंग पक्कं झालं. मागचं तसंच वाळलं. मी मान खाली घालून गल्लीबाहेर पडलो तो कायमचाच, असं मला वाटलं. रडलोसुद्धा, खोटं कशाला बोलू?

तीन महिन्यांनी मिस्त्री स्वतः प्लँटवर आले.

"पोरगी देतो," ते म्हणाले. "एका अटीवर. मागच्या खोलीत राहायचं. छत पडलं तर तुझ्याच डोक्यावर पडू दे."

छत पडलं नाही. गळत मात्र राहिलं. मुलं झाली, मोठी झाली, प्लँट बंद पडला, तो काटा भंगारात गेला. दर पावसाळ्यात मिस्त्री आपलं जुनं घमेलं आणून माझ्या उशाशी ठेवायचे आणि खुर्चीवर बसून थेंब मोजायचे. शेवटच्या पावसाळ्यात ते असेच बसले होते.

"अबुंदिओ, तो क्रॉस किती किलोंचा होता रे?"

मी दचकलो. "बासष्ट."

"हां, बासष्ट. सणाला केवढ्यानं बोंबलला होतास! स्लॅबच्या दुसऱ्या दिवशी क्रॉस परत टाकीवर बांधताना माझ्या डोक्यात उजेड पडला."

"म्हणजे... चाळीस वर्षं तुम्हाला ठाऊक होतं?"

"आणि तुला?"

"मला तर तिथेच कळलं होतं."

"ते माहीत आहे. क्रॉसकडे बघून तुझा चेहराच उतरला होता. तरी चारचौघांत माझी अब्रू राखलीस." म्हाताऱ्यानं माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "म्हणून तर पोरगी दिली, गाढवा!"

मी त्यांचा हात घट्ट धरला. मग एकदम आठवलं.

"अहो मिस्त्री, मग ही गळकी खोली कशाला दिलीत?"

"चूक कबूल केली होतीस ना?" ते म्हणाले. "मग भोग!"