काजळी मंडळाची नाशिक शाखा

आमच्या शेजारचे भामरे काका दार उघडतात ते वेल्डिंगचा मुखवटा लावूनच. सातपूरच्या कारखान्यात फोरमन होते, तेव्हाचा तो मुखवटा. आतून घोगरा आवाज येतो, "खूण?" डावा हात कपाळाला लावून "काजळी अमर आहे" म्हटल्याशिवाय वाटीभर साखर मिळत नाही. आमच्या हिने परवा कंटाळून गुळाचा चहा केला.

काजळी मंडळ म्हणजे एका जपानी चित्रकथेतली दुष्ट जादूगारांची गुप्त संघटना. हे मराठी नाव काकांनीच ठेवलेलं. बाकीचे वाचक नायकाच्या बाजूने, काका एकटे मंडळाच्या. "काय येतं हो त्या पोराला? लय रडतो न् जिंकतो! मंडळाची शिस्त बघा. कुणाची दांडी नाय, कुरकुर नाय. असे लोक मला कारखान्यात मिळाले असते तर!"

मंडळाचा प्रमुख कुणाला दिसत नाही, नुसते हुकूम सोडतो. ते वाचल्यापासून काकांचं पालुपद एकच. डॉक्टरांनी बंद केलेली मिसळ परत का मागवली? "वरून आदेश आहे." सोसायटीच्या मीटिंगला का आला नाहीत? "वरून आदेश आहे." मलाही त्यांनी न विचारता मंडळात भरती करून टाकलं. माझं काम काय, ते गुप्त असल्यामुळे मला सांगितलेलं नाही.

गेल्या महिन्यात मात्र काका बिनमुखवट्याचे आमच्या दारात उभे. चेहरा पार उतरलेला. "रविवारी शेवटचा भाग. मंडळ संपणार."

मी आपली उचलली जीभ लावली टाळ्याला, "सुटलो!" काका हसले नाहीत.

"सई, माझी नात, टोरांटोला गेली ना, तेव्हा आमचा फोन कसा व्हायचा? आजोबा, जेवलात? जेवलो. तू? जेवले. ठेवू? मग तिनंच ही गोष्ट वाचायला लावली. ती नायकाची, म्हणून मी मंडळाचा झालो. दोघं एकाच बाजूला असल्यावर भांडणार काय? आता तासतास भांडते माझ्याशी. मंडळ संपलं, की परत 'जेवलात का'."

मला गलबलून आलं. हा माणूस नातीशी भांडता यावं म्हणून दुष्ट झाला होता!

रविवारी मिसळ घेऊन मीच त्यांच्याकडे गेलो. शेवटच्या भागात मंडळाचा किल्ला जळून खाक झाला होता. तेवढ्यात सईचा व्हिडिओ कॉल आला. "आजोबा, हरलात! मंडळ संपलं!"

"हो, संपलं," काका पुटपुटले. मग तिचाही आवाज खाली आला. "आजोबा, खरंच संपलं का हो? कुणीच नाही उरलं?"

मी टीपॉयवरचा मुखवटा चढवला, कॅमेऱ्यापुढे गेलो आणि डावा हात कपाळाला लावला. "काजळी अमर आहे!"

"ई! हे कोण?"

"नाशिक शाखा," काका ताठ बसत म्हणाले. "किल्ला जाळलात तुम्ही. शाखा कुठं जाळलीत?"

"चीटिंग आहे ही, आजोबा!" सई किंचाळली, आणि भांडण जोरात सुरू झालं.

मुखवट्याच्या काळ्या काचेतून मला काही दिसत नव्हतं. मिसळ निवत चालली होती. मी मुखवटा काढायला गेलो, तर काकांनी हळूच माझा हात दाबला.

"राहू द्या," ते कुजबुजले. "वरून आदेश आहे."