कोटावरचा लीक

"नेस्टा, खिडकीत ठेवलेला माझा लीक कुठाय?"

"उकळतोय," शेगडीपाशी उभी असलेली बायको शांतपणे म्हणाली. "सेंट डेव्हिडच्या दिवशी काय लीकशिवाय सूप करू?"

इड्वलच्या पायाखालची जमीनच सरकली. लीक म्हणजे कांद्याच्या पातीचा जाडजूड भाऊबंद, आणि संत डेव्हिडच्या या सणाला तो कोटावर टाचून मिरवायची इथली जुनी रीत. एकोणीस वर्षं तो गावच्या गायकवृंदात मागच्या रांगेत उभा होता. आज दुपारी तीनला, चॅपलमध्ये, पहिल्यांदाच त्याला दोन कडवी एकट्यानं गायला मिळणार होती. पण वृंद चालवणाऱ्या मिस प्रॉसरबाईंचा नियम म्हणजे नियम. कोटावर लीक नाही, तर गाणं नाही. गेल्या वर्षी बिचारा ह्यू डॅफोडिल लावून आला, तर "फूल काय, कुणीही लावतं!" म्हणून बाईंनी त्याला सरळ श्रोत्यांत बसवला.

"परसातले बाकीचे?"

"गोगलगायींनी फस्त केले. एकच वाचलाय, असं तूच म्हणालास ना?"

"आणि तोच चिरलास?"

"ताजा होता रे!"

इड्वल धावतच दुकानात गेला. लीकची टोपली रिकामी.

"अख्ख्या गावानं आज सूप केलंय," दुकानदार एम्लिन म्हणाला. "कांद्याची पात देऊ? एकच जुडी उरलीय. दुसरी आत्ताच गेली."

नेस्टानं पातीच्या चार काड्या पांढऱ्या दोऱ्यानं करकचून बांधल्या आणि कोटाला टाचल्या. "लांबून कळायचं नाही."

"बाई लांबून बघत नाहीत गं!"

तीनला पाच कमी असताना मिस प्रॉसर गळ्यापर्यंत शाल लपेटून रांगेपुढून तपासत निघाल्या. इड्वलसमोर त्या थांबल्या. वाकल्या. नाक पुढे केलं.

"हडकुळा दिसतोय."

"थंडी फार पडली, बाई."

"आणि हा वास?"

"को... कोवळा आहे."

सगळी रांग वळून बघायला लागली. इड्वलच्या मानेवरून घाम ओघळला. गेली आपली एकोणीस वर्षं सुपात, असं त्याला वाटलं, आणि खरंच रडू आलं.

बाई त्याच्या कानाशी आल्या. "ताठ उभा राहा. वाकलं की पात मोडते."

"बाई, तुम्हाला कसं..."

त्यांनी शालीचं टोक बोटभर उचललं. आत तशाच पातीच्या चार काड्या होत्या, त्यातली एक मोडून लोंबत होती.

"माझ्या बहिणीनं सकाळीच सूप केलं," त्या दात आवळून म्हणाल्या. "गा आता गुपचूप."

इड्वल गायला, मान अजिबात न हलवता. बाईंनी मात्र त्या दिवशी अख्खा वृंद एकाच हातानं चालवला. दुसऱ्या हातानं त्यांनी शाल घट्ट धरली होती.